सातबाऱ्यावर आईचं नाव लागेपर्यंत

अण्णा डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यानंतर आईचं नाव सातबाऱ्यावर लावायचं, तिचा शेतकरी ओळख क्रमांक काढायचा आणि पीएम किसानमध्ये तिची नोंदणी करायची, असा एकामागून एक कामांचा फड लागला. १९ नोव्हेंबर २०२५ ला देशभर पीएम किसानचा २१ वा हप्ता सुटला आणि आईच्या मोबाइलवर दोन हजारांचा मेसेज आला, तेव्हा तो फड बऱ्यापैकी उरकला. या सगळ्यात मला सलग सांगणारं कुणी भेटलं नाही. जो तो आपल्या टेबलापुरतं सांगतो आणि पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. रान एकूण १ हेक्टर ८० आर, म्हणजे साडेचार एकराला थोडं कमी. सोयाबीन, त्यात तुरीचे पाटे, एका तुकड्यात कापूस. जमीन एकट्या अण्णांच्या नावावर होती. आई लग्न होऊन आली तेव्हापासून या रानात खपते आहे; खुरपणी, वेचणी, काढणी, जनावरं, सगळं तिनं केलं. कागदावर मात्र ती कुठेच नव्हती. मी थोरली, छत्रपती संभाजीनगरला एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. धाकटा भाऊ नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. अण्णा गेल्यावर आईनं रान गावातल्याच एका जोडप्याला अर्ध्या बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला दिलं. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. अण्णा परभणीच्या दवाखान्यात गेले, त्यामुळे नोंद आमच्या ग्रामपंचायतीत न होता परभणीच्या महापालिकेत झाली. मृत्यू जिथे होतो तिथे नोंद होते, हे गावाकडे अनेकांना माहीत नसतं आणि लोक ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतात. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर विलंब शुल्क लागत नाही. दाखला हातात आला की त्याच्या चांगल्या डझनभर झेरॉक्स काढून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर एक जाते. आणखी एक, दाखल्यावरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर ती दुरुस्त करायची सोपी वेळ तीच असते.

२४ फेब्रुवारी २०२५ ला पीएम किसानचा १९ वा हप्ता सुटला आणि अण्णांच्या खात्यात दोन हजार जमा झाले. खातं त्यांचं, माणूस नाही. गावातले एकजण म्हणाले, "येऊ दे की, कोण विचारायलंय." पण भावाची सरकारी नोकरी, शिवाय मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात आणि नाही केले तर वसुलीची नोटीस येते, हे आम्हाला माहीत होतं. तालुका कृषी कार्यालयात दाखला जोडून अर्ज दिला की लाभार्थी मयत आहे, लाभ बंद करावा. भावानं ते दोन हजार पोर्टलवरच्या परताव्याच्या पर्यायातून भरले आणि पावती छापून फाइलला लावली. त्या पावतीकडे पुढे कुणी बघितलं नाही, पण ती फाइलमध्ये आहे म्हणून मला झोप लागते.

आता पैसे कुणाला मिळतात ते. पीएम किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली, लाभ डिसेंबर २०१८ पासून धरला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती, जून २०१९ पासून ती मर्यादा काढली. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी २०२३ ची. तिचेही वर्षाला ६,०००. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, पीएम किसानच्या यादीवरूनच पैसे येतात. म्हणजे केंद्राच्या यादीत नाव आलं की वर्षाला एकूण १२,०००.

यात दोन अटी कळीच्या. एक, जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर पाहिजे. त्यानंतर विकत घेतली, बक्षीस मिळाली, वाटणीत आली तर चालत नाही. सूट फक्त खातेदार वारल्यामुळे वारसाला आलेल्या जमिनीला. दुसरी, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि एका कुटुंबात लाभ एकालाच. शिवाय आयकर भरणारे, शिपाई किंवा त्या दर्जाचे सोडून बाकी सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेले, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, हे बाहेर. आमच्याकडे हिशेब सोपा निघाला. भाऊ शिक्षक, म्हणून बाहेर. मी वारस, पण माझ्या नवऱ्याच्या नावावर सासरच्या जमिनीचा हप्ता येतो, म्हणून बाहेर. उरली आई. आणि जी जोडी प्रत्यक्ष आमचं रान वाहते तिच्या नावावर एक गुंठाही नाही, त्यामुळे ती कुठल्याच यादीत नाही. बटईदाराचा या योजनेशी संबंधच येत नाही.

वारस नोंदीसाठी भाऊ जानेवारीतच तलाठ्यांना भेटून आला होता. (तलाठी आता अधिकृतपणे ग्राम महसूल अधिकारी झालेत आणि कृषी सहायक झालेत सहायक कृषी अधिकारी. पाटी वाचताना गोंधळू नका, माणसं तीच आहेत.) पण साहेबांकडे तीन गावांचा कारभार, ते कधी इथे तर कधी तहसीलला. फाइल काही हलेना. मग १ एप्रिल २०२५ पासून महसूल विभागानं राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं मुदतीत लावायची, असा आदेश. पहिल्या आठवड्यात गावात चावडीवाचन झालं, मयतांची यादी वाचली. यादीत अशीही नावं होती की ज्यांना जाऊन तीस-तीस वर्षं झालीत आणि ज्यांची नातवंडं आज ती जमीन कसतात. अण्णांचं नाव तिथं ऐकल्यावर आई उठून घरी गेली. तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं की असं सगळ्यांसमोर वाचतात. तुमच्याकडे घरात म्हातारं माणूस असेल तर आधी सांगून ठेवा.

कागद लागले ते असे: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते आणि फोन नंबर, वारसांबाबतचं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा). मोहिमेत याला फी नव्हती. नमुना लिहून देणाऱ्यानं शंभर रुपये घेतले, तो त्याचा धंदा. एरवी हाच अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो आणि नोंदीवर हरकतीची नोटीस निघाली की नाही, ते 'आपली चावडी' या संकेतस्थळावर दिसतं. मी संभाजीनगरहून तेच उघडून बघत बसायचे.

अर्ज देताना तलाठ्यांनी अगदी सहज विचारलं, "ताई, तुमचं नाव लावायचं का हक्कसोड करायलात?" भाऊ शेजारीच उभा. अशा वेळी काय बोलावं हे बाईमाणसाला सुचत नाही. नाव लावा म्हटलं तर हावरट, नको म्हटलं तर मोठ्या मनाची. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "कामून? ती काय रस्त्यावर सापडली का मला?" आणि विषय संपला. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्या बहिणींना एवढंच सांगते की वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, ते तलाठ्याच्या टेबलावर तोंडी होत नाही. ज्याला सोडायचाय त्यानं पुढे सवडीनं, समजून-उमजून सोडावा. घरात दुखवटा असताना सह्या करू नयेत, हे माझं मत.

नावाच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही आग्रहानं करून घेतली. आईच्या आधारवर नावापुढे 'बाई' आहे, बँकेच्या पासबुकात नाही, आणि रेशन कार्डावर तर माहेरच्या कुठल्या लाडाच्या नावाची भर. तलाठ्यांना सांगितलं, आधारवर आहे तसंच लावा, 'बाई' सकट. त्यांनी 'आम्ही साधं लावतो' म्हणून पाहिलं, मी आधारची प्रत पुढे धरून उभी राहिले. पुढे ओळख क्रमांक काढताना पोर्टल सातबाऱ्यावरचं नाव आधारच्या नावाशी ताडून बघतं. गावातल्या दोन जणींचे अर्ज नेमके या 'बाई'पायी अडकले, तेव्हा आईनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

फेरफार पडला, म्हणजे नावबदलाची नोंद झाली, पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत कुणाची आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मे महिन्यात नोंद प्रमाणित केली. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत काढला. आई, भाऊ, मी. तीन नावं एकाखाली एक. आईला वाचता येत नाही. तिनं बोटानं विचारलं, "यात मी कंची?" पहिली म्हटल्यावर तिनं तो कागद घडी न करता पिशवीत घातला.

पुढचं काम शेतकरी ओळख क्रमांकाचं, म्हणजे ॲग्रिस्टॅकचं. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झालाय, आणि पीएम किसानची नवी नोंदणी त्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे, कारण ओटीपी त्यावरच येतो. आईच्या आधारला जो नंबर होता तो अण्णांच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. पोस्टातल्या आधार केंद्रावर नंबर बदलून घेतला, तेव्हा पन्नास रुपये फी होती. ऑक्टोबर २०२५ पासून पंचाहत्तर झालीय. तिथं मशीन आईचा अंगठा घेईना. वर्षानुवर्षं कापूस वेचून आणि खुरपं धरून बोटांच्या रेषा पुसल्यात. केंद्रावरच्या पोरानं तिला हात धुवून यायला सांगितलं, मग तेल लावायला सांगितलं, मग फडक्यानं पुसायला सांगितलं. शेवटी डोळ्यांवर काम झालं. तुमच्या घरी अशी बोटं असतील तर सरळ डोळ्यांच्या मशीनचं केंद्र गाठा, नुसत्या अंगठ्याच्या मशीनवर दिवस जातो.

ओळख क्रमांकाची नोंदणी मोफत आहे. सेवा केंद्रावर आमच्याकडून दोनशे मागितले. मी पावती मागितली तर म्हणाला, राहू द्या ताई. एवढ्यावर भागलं. गट नंबर टाकल्यावर जमीन आपोआप समोर येते, सामाईक खात्यात आईचा हिस्सा दिसतो, शेवटी ओटीपीनं सही होते. नंतर तलाठी स्तरावर तपासणी होऊन अकरा आकडी क्रमांक येतो. तो आला तेव्हा मिरग निघून गेला होता आणि पेरण्या सुरू होत्या. याच क्रमांकावर जुलैत पीक विमा भरला. एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय, आता सोयाबीन-तुरीसारख्या खरीप पिकांना शेतकऱ्याला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता पडतो आणि ओळख क्रमांक तिथेही लागतो.

मग पीएम किसानचा अर्ज. पोर्टलवर 'नवीन शेतकरी नोंदणी'. जमीन नावावर कधी आली आणि कशामुळे, हे तिथं विचारतात. पतीच्या मृत्यूमुळे वारसानं, असं भरलं. सातबारा, वारसाचा फेरफार, आधार, रेशन कार्ड, सगळं स्कॅन करून जोडलं. फाइल लहान ठेवावी लागते, मोबाइलवर काढलेले मोठमोठे फोटो चढत नाहीत. अर्ज तालुका, मग जिल्हा, मग राज्य असा चढत जातो.

जुलैच्या शेवटी आमचा अर्ज तालुक्यावरच अडला. कारण असं की, अण्णांच्या नावावर जमीन फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून होती याचा फेरफार जोडलेला नाही. मला पहिल्यांदा राग आला. अण्णांना त्याच जमिनीवर सरकारनंच सहा वर्षं हप्ता दिलाय, मग आता पुरावा कसला मागता? पण टेबलावरच्या मॅडम समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, अण्णांचा अर्ज वेगळा आणि हा वेगळा, माझ्यापुढे जी फाइल आहे तीच मला बघता येते. ते खरंही आहे. मागचा पुढचा लाभार्थी जोडणारा दुवा त्यांच्या पडद्यावर नाही. तेव्हा वारसानं नोंदणी करताना दोन फेरफार जोडायचे: मयताच्या नावावर जमीन आली तो जुना, आणि वारसाच्या नावावर आली तो नवा.

जुना फेरफार आजोबांनी वाटणी करून दिली तेव्हाचा, हाती लिहिलेला. तो ऑनलाइन मिळेना. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागायला गेले. ती खोली एकदा बघण्यासारखी आहे. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर चुन्यानं लिहिलेली गावांची नावं. निम्मी माणसं कुणबी नोंदी शोधायला आलेली. एकजण १९५४ चं खासरा पत्रक उलगडून बसला होता, दुसऱ्यानं आणलेल्या कागदावर सगळी उर्दू. आपल्याकडे निजामाच्या राज्यातली दफ्तरं अशीच निघतात आणि मग उर्दू वाचणारा म्हातारा शोधत फिरावं लागतं. आमचा फेरफार सुदैवानं मराठीत होता. आत आजोबांचा अंगठा, शाईचा डाग पडलेला. अर्जाला कोर्ट फी स्टँप, नकलेची किरकोळ फी, आणि आठवडाभरानं या. नक्कल मिळाली की अर्जात दुरुस्ती करून ती चढवली.

या भानगडीत २ ऑगस्टचा २० वा हप्ता हुकला. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते पुढच्या पावसाचं.

ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गोदावरी, मांजरा, सिंदफणा, सगळ्या नद्या पात्र सोडून रानात आल्या. आमचं रान नदीकाठी नाही, पण ओढ्याच्या पाण्यानं खालचं ३ एकर सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं राहिलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. बटईदार भाऊ गुडघाभर चिखलात उभा राहून एक झाड उपटून दाखवत होता, मुळं काळी पडून वास मारत होती. पंचनाम्याला माणसं आली आणि त्यांनी विचारलं, सातबारा कुणाचा? इथं मला मेमधल्या त्या नोंदीची किंमत कळली. वारस नोंद झाली नसती तर पंचनामा मयताच्या नावानं झाला असता आणि पैसे वारस ठरेपर्यंत अडकून पडले असते. गावात अशी चार-पाच घरं आज तशीच थांबलीत. आमचं जमिनीचं खातं सामाईक, म्हणून भावानं आणि मी संमतीपत्र लिहून दिलं की अनुदान आईच्या खात्यात जमा करावं. तिचा ओळख क्रमांक होता, त्यामुळे तिला वेगळी ई-केवायसी करावी लागली नाही. ज्यांचा नव्हता ते अनुदानासाठीच्या विशिष्ट क्रमांकाची यादी हातात घेऊन सेवा केंद्राबाहेर रांगेत होते.

कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये या दरानं १ हेक्टर २० आरचे १०,२०० दिवाळीनंतर आले. रब्बीच्या बियाण्यासाठी सरकारनं ७ ऑक्टोबरला हेक्टरी १०,००० जाहीर केलेत, ते वेगळे.

पैसे आले त्या संध्याकाळी बटईदार भाऊ आणि त्याची बायको घरी आले होते. विषय त्यांनी काढला नाही. आईनंच काढला. "पेरा तुझा, खत अर्धं तुझं. मग ह्या पैशावर नाव माझंच कसं काय आलं बाबा?" तो म्हणाला, "काकू, सरकारला मी कुठं दिसायलो." आईनं माझ्या भावाला सांगून निम्मे पैसे त्या बटईदाराला दिले. हे तिनं तिच्या मनानं केलं, तसा कायदा नाही, आणि सगळे मालक असं करत नाहीत हेही मला माहीत आहे. गावात निम्मं रान आज बटईनं नाहीतर ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, चाललंय. मालक पुण्याला. हप्ता मालकाला, अनुदान मालकाला, विमा बहुतेक मालकालाच. आमच्याकडेही मालक म्हणून तीन नावं आहेत आणि त्यातली दोन नोकरीवाल्यांची आहेत, तेव्हा मी दुसऱ्याकडे बोट तरी कुठल्या तोंडानं दाखवू?

ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर अर्ज मंजूर दिसला. आता ई-केवायसी. अंगठ्याचा पुन्हा तमाशा नको म्हणून पीएम किसानच्या मोबाइल ॲपमधून चेहऱ्यानं केली. दुपारी अंगणात उजेडाला बसवलं. चष्मा काढ म्हटलं तर तिला मी दिसेना, डोळे मिचकाव म्हटलं तर ती गच्च मिटूनच घ्यायची. पदर कपाळावर आला की ॲप नाही म्हणायचं आणि पदर मागं सारायला ती तयार नव्हती. गल्लीतली माणसं जात-येत होती. शेवटी घरात खिडकीपाशी, दार लावून केलं. झालं.

बँकेचंही सांगते. पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असं धरून चालू नका, ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आईचं आधार लाडकी बहीणच्या वेळी एका खात्याला जोडलं होतं, तेच कायम ठेवलं. कोणतं खातं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. शंका असेल तर १५५२६१ हा पीएम किसानचा मदत क्रमांक आहे. लागायला वेळ लागतो, पण अर्ज कुठल्या पातळीवर अडलाय ते सांगतात.

आता लाडकी बहीणचा विषय निघालाच आहे तर तो हिशेबही मांडते, कारण तो कुणी आधी सांगत नाही. आईला या योजनेचे महिन्याला १,५०० येत होते. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० पेक्षा कमी मिळत असतील तर लाडकी बहीणमधून फक्त वरचा फरक मिळतो, असा नियम आहे. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. तेव्हा आईला यापुढे लाडकी बहीणचे ५०० मिळणार. आधी वर्षाचे १८,०००, आता १२,००० आणि ६,००० मिळून १८,०००. एवढे कागद, एवढ्या नकला, एवढे बसभाडे करून वाढ किती? शून्य.

शेजारच्या मावशींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "मग कामून येवढं केलीस गं?" मी त्यांना पंचनाम्याचं सांगितलं, विम्याचं सांगितलं, पुढे पीककर्ज लागलं तर सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. त्यांच्या नवऱ्याला जाऊन सात वर्षं झालीत आणि सातबाऱ्यावर अजून तेच नाव आहे. दुसऱ्या दिवशी त्या दाखला घेऊन आल्या, एवढं खरं.

खर्च म्हणाल तर सरकारी फी सगळी मिळून तीनशेच्या आत. खरा खर्च प्रवासाचा आणि माझ्या बिनपगारी रजांचा. शक्य असेल तर तहसील, कृषी कार्यालय आणि पोस्ट ही तिन्ही कामं एका दिवसात येतील असं बघा; बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी साहेब जागेवर असले तरी टेबलापर्यंत पोचता येत नाही.

नमोचा हप्ता आईला अजून यायचाय. पीएम किसानच्या या यादीत नाव आलंय, म्हणजे पुढच्या वेळी यायला हरकत नाही. दरम्यान नव्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात अण्णांच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच दिसतोय. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटलं, कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला घरात ट्रंकेत सापडलाय. पुढच्या सुट्टीत तो घेऊन तलाठ्यांकडे जायचंय, बोजा कमी करायचा अर्ज आजच लिहून ठेवलाय.